साल सोडलं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात घरोघरी घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर डांगर (म्हणजे खरबूज, घाटावरच्या मंडळींनी भोपळा समजू नये), दोन आंबे, सांजोऱ्या, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांच्या नावाने आगारी. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, पुरुष मंडळी राजरोस पत्ते कुटतात. आमच्या घरी मात्र आखाजी म्हणजे हिशोबाचा दिवस. त्या दिवशी सालदाराचं साल संपतं. वर्षभर मालकाकडे बांधलेला गडी ओट्यावर येऊन बसतो. उचल किती घेतली, खाडे किती पडले, दादर (ज्वारी) किती पोती नेली, हे बोललं जातं. मग त्याच मालकाकडे पुन्हा साल धरायचं की सोडायचं, ते ठरतं.

माझे वडील ३१ वर्षं सालदार होते. साक्री तालुक्यात, पांझरा नदीच्या काठी. ३१ वर्षांत त्यांनी पाच मालक केले, म्हणजे चार वेळा साल सोडलं.

मी एकदाच सोडलं. १८ एप्रिल २०१८, आखाजीच्या दिवशी, वय ४८. राजीनामा आठवडाभर आधी मेलवर गेला होता, पण घरात सांगायचं धाडस त्या दिवशी झालं. आमरस-पुरणपोळीचं जेवण आटोपलं होतं. वडील ओट्यावर खाट टाकून पडले होते. मी म्हटलं, "आप्पा, कंपनी सोडली." ते थोडा वेळ छपराकडे बघत राहिले. मग विचारलं, "आते कोनं साल धरशी?"

आता कोणाचं साल धरशील. त्यांना एवढाच प्रश्न पडला. का सोडलं, पगाराचं काय, लोक काय म्हणतील, यातलं काहीच नाही. साल सोडलेला माणूस संध्याकाळपर्यंत दुसरीकडे धरतो, एवढं त्यांना ठाऊक. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नोकरी कीटकनाशकाच्या कंपनीतली. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. केलं, दोन वर्षं स्पर्धा परीक्षांच्या नादात घालवली आणि १९९४ मध्ये चिकटलो. अमळनेर, पारोळा, चोपडा, पुढे शिरपूर आणि शिंदखेडाही. सालदाराचा पोरगा मोटारसायकलवरून गावात शिरला की लोक म्हणायचे, "साहेब आला." त्या शब्दाची चटक लागते. मी खोटं कशाला बोलू, मला लागली होती.

शेतकरी आमच्या मालाला औषध म्हणतो. कपाशीवर औषध मारलं, तुरीवर औषध मारलं. तीच बाटली कुणी पोटात घेतली की पेपरात दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापून येतात: विषारी औषध प्राशन करून. २४ वर्षं मी त्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत पोट भरलं. बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यात जहाल. कायद्याने तो छापावा लागतो. पण फवारणाऱ्या गड्याला त्याचा अर्थ सांगितलाय, असं मी तरी क्वचित पाहिलं. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला २००५ मध्ये बंदी आली, आणि त्यानंतरही वांग्याच्या बांधावर त्याच्या रिकाम्या बाटल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. पाहिल्या आणि पुढे गेलो. वांगी आमच्या टार्गेटमध्ये नव्हती.

२००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला स्वतःच मारणाऱ्या वाणाला, परवानगी मिळाली तेव्हाची एक गंमत सांगतो. गंमतच म्हणायची. शेतकरी खूश, कारण बोंडअळीसाठी घालाव्या लागणाऱ्या फवारण्या कमी होणार. आमच्या मीटिंगांमध्ये मात्र सुतक. बोंडअळीच्या औषधांवरच आमचा खरिपाचा डोलारा उभा होता. दोन-तीन हंगाम वाईट गेले. मग तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या किडींचा जोर वाढत गेला, त्यांची औषधं खपायला लागली आणि सुतक फिटलं. "किडींनी साथ दिली" असं आमचा एक वरिष्ठ पेला उचलून म्हणाला होता. आम्ही सगळे हसलो होतो. मीही हसलो होतो.

कंपनीच्या ऑफिसात भिंतीवर मूल्यांचा तक्ता होता. सचोटी, विश्वास, शेतकरी प्रथम वगैरे. फ्रेम चांगली होती. आपल्या भाषेत मूल्य म्हणजे किंमतही आणि मूल्य म्हणजे ज्यावर माणूस उभा राहतो तेही. माझ्या एरियातल्या निम्म्या दुकानांवर पाटी असायची, "येथे विनामूल्य कृषी सल्ला मिळेल." किती वर्षं ती पाटी वाचली! त्यातलं विनामूल्य पुरतं कळायला मला पन्नाशी जवळ यावी लागली.

सल्ला फुकट का मिळतो, याचं गणित साधं आहे. शेतकरी कपाशीचं एक पान खुडून दुकानात आणतो. दुकानदार ते उलटंपालटं करतो आणि मागच्या फळीवरून दोन बाटल्या काढतो. ज्या स्कीमवर आहेत त्या. स्कीम मी दिलेली असते. अमुक पेट्या उचलल्या तर चांदीचं नाणं, तमुक उचलल्या तर बँकॉक. सल्ल्याची फी त्या बाटलीत असते, वेगळी मागायला लागत नाही. शेतात जाऊन पानामागे किती तुडतुडे आहेत हे मोजायला एक सकाळ जाते, आणि मोजल्यावर बऱ्याचदा "अजून गरज नाही" असं निघतं. "गरज नाही" हे विकता येत नाही. म्हणून कोणी मोजत नाही. यात दुकानदार वाईट माणूस असायची गरज नाही. माझे कितीतरी दुकानदार सज्जन होते, शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नाला उधारीची वसुली थांबवणारे. साखळीच अशी होती की सज्जन माणसानेही बाटलीच द्यावी.

२०१७ चा ऑक्टोबर. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या बाजूचं एक गाव. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कपाशी पोखरली होती. बीटीला ती केव्हाच पचवून बसली होती. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं, ते कडेने लावायचं, म्हणजे अळीत प्रतिकार लवकर तयार होत नाही. ते पाकीट बहुतेक जण बांधावर फेकायचे. मी कधी कोणाला हटकलं नाही. बियाणं आमच्या कंपनीचं नव्हतं.

त्या गावच्या एका शेतकऱ्याने मला बांधावरून हाक मारली. सात एकर कपाशी, हिरवीगार, छातीएवढी. फुलं मात्र नीट उमललेली नव्हती. पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटलेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या. डोमकळी म्हणतात तिला, आत अळी असल्याची खूण. मी चार बोंडं तोडून फोडली. वरून छिद्र नाही, डाग नाही, चकचकीत हिरवं बोंड. आत सरकी पोखरलेली आणि मधे गुलाबी अळी, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. ती एकदा आत शिरली की शिरताना पडलेलं भोक बुजून जातं. मग वरून काहीही फवारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. हे कॉलेजात शिकलो होतो, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो, आणि आत्ता हातात धरून पाहत होतो.

तो म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगशात तीच मारसू."

तालुक्याच्या दुकानात आमचा तीन लाखांचा माल पडून होता. महिनाअखेर जवळ आली होती. मी तोंड उघडलं आणि औषधाचं नाव सांगितलं. सोबत दुसरं एक, मिसळून मारायला. पंपाला किती टोपणं तेही सांगितलं. त्याने हातावर पेनाने लिहून घेतलं. संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला, "साहेब, तुमचा माणूस सहा बाटल्या घेऊन गेला. उधार."

मला आतून आवाज बिवाज काही आला नाही. नाव तोंडातून किती सहज आलं, तेवढंच डोक्यात राहिलं. खोटं बोलताना माणूस निदान अडखळतो. मी अडखळलोही नव्हतो.

त्याच सुमारास यवतमाळच्या बातम्या येत होत्या. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हुकूम आला: सुरक्षा किट वाटतानाचे फोटो पाठवा. मी पारोळ्याजवळ दोन मजुरांना उभं केलं. मास्क, हातमोजे, चष्मा, प्लॅस्टिकचा एप्रन. ऑक्टोबरची उन्हं तुम्हाला माहीत आहेत. फोटो निघाला आणि दोघांनी सगळं काढून कडुनिंबाच्या फांदीवर टांगलं. त्यातला एक, वीस-बावीस वर्षांचा असेल, औषधाचा पंप पाठीवर चढवता चढवता त्याच ओल्या हाताने तंबाखू मळत होता. मी फोटो पाठवला. अंगठे आले.

आणि नोकरी? नाही, तेव्हा नाही सोडली. लोक मला हा प्रसंग सांगायला लावतात आणि "मग दुसऱ्या दिवशी तुम्ही…" म्हणून थांबतात. दुसऱ्या दिवशी मी शिरपूरला वसुलीला गेलो. दिवाळीचा बोनस घेतला. जानेवारीत दुकानदारांना घेऊन बँकॉकला गेलो आणि मुलीसाठी चाकांची बॅग आणली. सहा महिने गेले त्यात. काय चालू होतं माझ्या डोक्यात, नीट सांगता येणार नाही. फक्त बांधावर उभं राहून कोणी "तुम्ही सांगशात तीच" म्हणालं की मी दुसरीकडे बघायला लागलो होतो, आणि विक्री करणाऱ्या माणसाला दुसरीकडे बघून चालत नाही. मार्चमध्ये माझं टार्गेट पहिल्यांदा ७० टक्क्यांवर अडकलं. म्हणजे माझ्या राजीनाम्यात मूल्यं किती आणि नापास व्हायची भीती किती, याचा हिशोब मी अजून लावलेला नाही.

पुढे काय करायचं, यावर सगळ्यांकडे सल्ले तयार होते. विनामूल्य. स्वतःचं कृषी केंद्र टाका, तुम्हाला तर सगळे ओळखतात. विम्याची एजन्सी घ्या. सेंद्रिय शेती करा, आता त्याची लाट आहे. शेती करायला जमीन लागते, हे सालदाराच्या पोराला सांगावं लागत नाही.

मला एकच गोष्ट येत होती आणि २४ वर्षांत ती कोणी मला करू दिली नव्हती. किडे मोजणं. कॉलेजात मी त्यात हुशार होतो. शेतात तिरपं चालायचं, वीस झाडं निवडायची, प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं पान हळूच उलटायचं. तुडतुडा तिरका चालतो, फुलकिडा रेघेसारखा दिसतो, पांढरी माशी धक्का लागला की भुर्र. पानामागे दोन-तीनच्या वर तुडतुडे गेले तर विचार करायचा. सोबत ढालकिडे किती, कोळी किती, हिरव्या पंखांचा क्रायसोपा दिसतो का, हे पाहायचं. ते किडी खाऊन फुकटात काम करणारे गडी. मग सांगायचं: मारा, किंवा थांबा. विकायचं काहीच नाही. एकरी ४०० रुपये, पूर्ण हंगामाचे, आठवड्याला एक फेरी.

पहिल्या गावात पारावर हे सांगितलं तेव्हा हशा पिकला. एक म्हातारा खरंच कुतूहलाने म्हणाला, "मोजाना बी पैसा लागस का भो?"

पहिल्या हंगामात ११ शेतकरी मिळाले, ४६ एकर. १८,४०० रुपये. पूर्वी माझं प्रवासभत्त्याचं बिल याहून मोठं व्हायचं.

इथे एक गोष्ट साफ सांगायला हवी, कारण उतारवयात वाट बदलणाऱ्यांच्या गोष्टींतून ती नेहमी गळते. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. महिन्याच्या महिन्याला पगार येतो. तो नसता तर मी हे केलं नसतं. आजही तिथेच असतो आणि वर्षाला एकदा बँकॉकला जाऊन आलो असतो. घराचे हप्ते चालू होते, मुलगी बारावीला होती. गाडी विकली, जुनी मोटारसायकल पुन्हा बाहेर काढली. बायकोने अडवलं नाही. पण एकदा किराण्याची यादी करता करता, मान वर न करता म्हणाली, "तुमचं मन साफ, पगार माझा." त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी यादीत साबूदाणा राहिला होता तो सांगितला.

मुलीचं पुण्याचं कॉलेज हुकलं. जळगावला प्रवेश घेतला. तिने कधी तोंडातून काढलं नाही, आणि ती ते काढत नाही हेच मला जड जातं.

लग्नकार्यात अजून अवघड. पूर्वी ओळख करून देताना कंपनीचं नाव पुढे असायचं. आता पाहुणे विचारतात, "सध्या काय चालू आहे?" सुरुवातीला मी "पीक सल्लागार" म्हणायचो. मग कंटाळलो. "किडे मोजतो," म्हणतो. समोरचा जिलबीकडे वळतो. आमच्या अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाने. तीच पुढे संगणकात शिरून विप्रो झाली. गावात अजून अभिमानाने सांगतात. तुपावरून संगणकावर जाणारी कंपनी ती दूरदृष्टीची, आणि औषधं विकायची सोडून किडे मोजणारा माणूस तो डोक्यावर परिणाम झालेला.

दुसऱ्या हंगामात मी चुकलो.

पारोळा तालुक्यातलं शेत, पाच एकर. ऑगस्टचा दुसरा आठवडा, तीन दिवस झड लागलेली. काळी जमीन, पाय घातला की घोट्यापर्यंत चिखल आणि बुटाला किलोकिलोचं लोढणं. मी आत शिरलो नाही. बांधाच्या कडेने चाललो, कडेचीच झाडं पाहिली, तुडतुडे पानामागे एखाद-दुसरा. वहीत लिहिलं, थांबा. पुढच्या आठवड्यात ताप आला म्हणून फेरी चुकली. त्याच्या पुढच्या वेळी गेलो तेव्हा शेताचा मधला भाग लांबूनच वेगळा दिसत होता. पानांच्या कडा पिवळ्या, पुढे लाल, खाली वळलेल्या. आत जाऊन पान उलटलं तर आठ-नऊ तुडतुडे.

फवारणी केली, उशिरा. एकरी दीड-दोन क्विंटलचा तरी फटका बसला. त्याने आरडाओरडा केला नाही. मी एकरी चारशेच्या हिशोबाने दोन हजार परत दिले, त्याने मोजून खिशात घातले. मग म्हणाला, "दुकानदार चुकना तं माल बदली देस. तुम्ही काय बदली देशात?"

दुकानदार चुकला तर माल बदलून देतो, तुम्ही काय बदलून देणार. त्याने त्या वर्षापासून मला बोलावलं नाही. तो पुन्हा दुकानातून पान दाखवून औषध आणतो आणि त्याचं पीक वाईट नसतं.

सोडून आलेल्या कामाची चूक माणसाला सांगायला सोपी जाते, कारण ती वाटून घ्यायला कंपनी असते, टार्गेट असतं, साखळी असते. ही चूक सगळी माझी. चिखलात पाय घालायचा कंटाळा केला, बस. त्या रात्री मी पहिल्यांदा जुन्या वरिष्ठाचा नंबर काढून बघत बसलो. लावला नाही, पण काढला होता.

वडील २०२२ च्या थंडीत गेले. त्याआधी, ते अंथरुणाला खिळले तेव्हा, मी त्यांना एकदा विचारलं होतं, चार वेळा साल का सोडलं. तीन कारणं पैशाचीच होती. चौथ्या वेळचं विचारलं, त्या पांझरेकाठच्या मोठ्या मालकाचं, कारण तिथे ते अकरा वर्षं होते आणि एकाएकी सोडून आले होते. आम्हा भावंडांना ते कधी कळलं नव्हतं. ते म्हणाले, "दुसरीकडे भाकरवर तेल मिये." तिकडे भाकरीवर तेल मिळायचं. मी हसलो, तेही हसले.

दहाव्याला गावाकडून त्यांच्या वयाचे एक बाबा आले होते. त्यांनी वेगळंच सांगितलं. पांझरेवर बंधारे घालून पाटाने पाणी खेळवायची फड पद्धत शेकडो वर्षांची आहे. गावच ती चालवतं. शिवाराचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं पीक एक, पाण्याची पाळी ठरलेली. पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. एका टंचाईच्या उन्हाळ्यात मालकाने माझ्या वडिलांना रात्री पाट फोडून आपल्या उसाला पाणी घ्यायला सांगितलं. पाळी शेजारच्यांची होती. वडील रात्री गेले, पाटावर बसून राहिले, पहाटे तसेच परत आले. मालकाला सांगितलं, झोप लागली. आखाजीला साल सोडलं.

तेल खरं की पाणी? मला वाटतं दोन्ही. बाबांनी सांगितलं त्यातही मला पाट न फोडण्यापेक्षा "झोप लागली" हे जास्त वडिलांसारखं वाटतं. मालकाला तोंडावर नाही म्हणायची त्यांची ऐपत नव्हती. आखाजीपर्यंत दोन महिने त्यांनी त्याच मालकाची गुरं धुतली असणार, त्याच्याच ओट्याखाली जेवले असणार. माझे बोनस घेतलेले सहा महिने मी त्या दोन महिन्यांशेजारी ठेवून बघतो अधूनमधून. बरोबरी होत नाही. त्यांना उपाशी राहायची भीती होती, मला गाडी विकायची.

आता गावोगाव ओरड आहे की लाखभर रुपये देऊनही सालदार मिळत नाही. मिळू नये, असं मला सालदाराचा पोरगा म्हणून वाटतं. पण वर्षातला एक दिवस असा असावा की ओट्यावर बसून हिशोब मांडायचा आणि धरायचं की सोडायचं हे विचारायचं, ही सोय पगारी माणसाला कुठे आहे? आमच्या वेळी अप्रेझल व्हायचं, पण त्यात कंपनी आपल्याला तपासायची. उलटा हिशोब मी २४ वर्षांत एकदाच मांडला. वडिलांनी दर वर्षी मांडला असेल, बऱ्याचदा तिथेच पुन्हा साल धरलं असेल.

सध्या माझ्याकडे ३८ शेतकरी आहेत, जवळपास पावणेदोनशे एकर. फी ६०० केली, तीन जण सोडून गेले. रब्बीत हरभऱ्याचं काम थोडं मिळतं. पूर्वीच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शालाही पोचत नाही. काही दुकानदारांनी बोलणं सोडलंय. एकाने मात्र आपल्या स्वतःच्या बारा एकराची मोजणी मला दिली आहे. गिऱ्हाइकांना सांगू नका म्हणतो.

परवाची गोष्ट. बोरी नदीच्या बाजूला एका काकूंची तीन एकर कपाशी आहे. नवरा गेल्यापासून त्याच बघतात. कपाशीला बोंडं भरलेली, काही ठिकाणी पांढरी फुटायला लागलेली, म्हणजे गुलाबी अळीचेच दिवस. शेतात कामगंध सापळे लावलेत. मादीच्या वासाची गोळी आत ठेवलेली असते, नर पतंग त्या वासाने येतो आणि खालच्या पिशवीत अडकतो. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीची वेळ आली असं धरायचं. पहिल्या सकाळी नऊ होते. दुसऱ्या सकाळी आठ.

तिसऱ्या सकाळी काकू माझ्या आधीच येऊन उभ्या होत्या. दुकानदाराने औषध बाजूला काढून ठेवलंय, त्यांनी सांगितलं, दोन हजार तीनशेचं. मी पिशवीची गाठ सोडली, पतंग वहीच्या पानावर ओतले. राखाडी, मऊ, बोटाला भुकटी लागते. काड्यापेटीच्या काडीने एकेक बाजूला सरकवला. सात.

"पुन्हा मोजा," काकू म्हणाल्या. पुन्हा मोजले. सात.

"मारू का नको मारू?"

सापळ्याच्या हिशोबाने नको. पण सापळा एवढाच पुरावा नसतो. एकरी वीस हिरवी बोंडं फोडून बघायची. दोनात अळी निघाली तर सापळा काय म्हणतो ते सोडून द्यायचं. रात्री शिडकावा झाला होता. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला बांधावर काढल्या आणि आत शिरलो, मधोमध. काकू मागे. एका झाडाचं एकच बोंड तोडायचं, पुढच्यासाठी दहा-बारा पावलं चालायचं. मी चाकूने फोडत होतो, त्या ओच्यात टरफलं घेत होत्या आणि मोठ्याने आकडा म्हणत होत्या, चुकू नये म्हणून. नऊ, कोरं. दहा, कोरं. अकरा, कोरं.

बाराव्यात अळी होती. काकूंनी ती नखावर घेतली, उन्हाकडे धरून पाहिली आणि काही न बोलता तेरावं बोंड माझ्या हातात दिलं.